दोन भाऊ आणि धास्तावलेलं शहर : गुन्हेकथेची कादंबरी कशी बांधावी

एकामागून एक खून पडत असलेलं शहर आणि त्या शहरात एकाच घरात राहणारे दोन भाऊ. अशी कादंबरी लिहायला बसलेले बहुतेक जण सुरुवात खुन्यापासून करतात. तो कोण, का मारतो, कसा सापडतो. पन्नासेक पानं होतात आणि लेखन अडतं, कारण सगळं बळ कोड्यात गेलेलं असतं आणि भाऊ नुसते इकडून तिकडे फिरत असतात. माझ्या मते या कादंबरीचा कणा दुसरीकडेच आहे. भावाला कधी कळलं, आणि कळल्यावर तो किती दिवस गप्प बसला, हा खरा प्रश्न. खुनी कोण हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणात कळलं तरी चालेल, पण थोरला उद्या सकाळी काय करणार हे शेवटपर्यंत कळता कामा नये.

पुढचं सगळं एक उदाहरण धरून सांगतो. शहर पुणे, काळ १९७६-७७. थोरला वसंत, वय २७, एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. धाकटा मुकुंद, वय २१, कॉलेज अर्धवट सोडलेला, आणि खुनी तोच. दोघंही काल्पनिक आहेत, पण काळ आणि शहर खरं आहे.

१. आधी भावांमधलं जुनं देणं ठरवा

एक भाऊ पोलीस आणि दुसरा गुन्हेगार ही जोडी इतकी वापरून झाली आहे की वाचक तिसऱ्या पानावर पुढे निघून जातो. त्यापेक्षा दोघांमध्ये न फिटलेलं काय आहे ते शोधा. ते खुनांच्या कितीतरी आधीचं असावं आणि घरात कोणी उघड बोलत नसावं.

वसंत-मुकुंदसाठी मी पानशेत घेईन. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वसंत तेव्हा १२ वर्षांचा, मुकुंद ६ वर्षांचा. आईने धाकट्याला शेजारच्या वाड्याच्या गच्चीवर न्यायला सांगितलं. वसंतने त्याला माळ्यावर बसवलं, काहीतरी आणायला म्हणून खाली आला आणि मग परत वर जाता आलं नाही. मुकुंद दिवसभर एकटा तिथे होता. दोघंही वाचले. आईला आजही वाटतं की वसंत त्याच्याजवळच होता, आणि मुकुंदने ते खोटं कधी उघडं पाडलेलं नाही. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात घर मिळालं, पंधरा वर्षं गेली, पण थोरल्याला धाकट्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. एवढं हाताशी असलं की पुढचं प्रत्येक मौन आपोआप पटतं.

खऱ्या घटनांत दोन जोड्या अभ्यासण्यासारख्या आहेत. अमेरिकेत टेड काझिन्स्की १९७८ पासून सतरा वर्षं टपालाने बॉम्ब पाठवत होता. तीन माणसं मेली, तेवीस जखमी झाली. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याचा लांबलचक जाहीरनामा वर्तमानपत्रात छापला गेला. धाकट्या भावाच्या, डेव्हिडच्या, बायकोला आधीच शंका येऊ लागली होती. डेव्हिडने तो मजकूर भावाच्या जुन्या पत्रांशी ताडून पाहिला. वाक्प्रचार जुळले, युक्तिवादाची धाटणी जुळली. त्याने मध्यस्थामार्फत तपास यंत्रणेला कळवलं आणि एप्रिल १९९६ मध्ये टेड माँटानातल्या खोपटात पकडला गेला. फाशी होऊ नये म्हणून त्यानंतर धडपडला तोही डेव्हिडच. टेडने मात्र त्याच्याशी पुन्हा संबंध ठेवला नाही.

दुसरी जोडी बॉस्टनची. जेम्स बल्जर टोळीचा म्होरक्या, आणि त्याचा भाऊ विल्यम मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटचा अध्यक्ष. १९९४ च्या अखेरीस जेम्स फरार झाला. त्यानंतर विल्यम त्याच्याशी फोनवर बोलला, आणि भावाला पकडून देणं हे आपल्याला कर्तव्य वाटत नाही, अशी भूमिका त्याने चौकशीत घेतली. २००३ मध्ये त्याला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. जेम्स सापडला २०११ मध्ये.

एकाने सांगितलं, दुसरा गप्प राहिला, आणि किंमत दोघांनीही मोजली. तुमचा थोरला कोणत्या वाटेने जाईल हे आत्ताच ठरवू नका. दोन्ही वाटा त्याच्यासाठी खऱ्या राहतील इतकंच बघा.

२. शहर आणि साल नेमकं घ्या

‘एका शहरात भीतीचं वातावरण होतं’ एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. साल बदललं की भीतीची चाल बदलते.

पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जे खून झाले ते जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखले जातात. दहा माणसं मारली गेली. ३१ ऑक्टोबर १९७६ ला एका घरातली तीन, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात पाच. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे, ओळखीच्या माणसालाही आधी खिडकीतून न्याहाळलं जायचं. आणीबाणी चालू होती, वर्तमानपत्रांवर बंधनं होती. छापील बातमीवरचा विश्वास उडाला की तोंडी बातमीला धार चढते, आणि कादंबरीकारासाठी हा काळ मोलाचा आहे तो त्यामुळेच. आणीबाणी २१ मार्च १९७७ ला उठली, शेवटचा खून २३ मार्चचा, आणि २४ तारखेला मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. सगळा देश दिल्लीकडे बघत असताना एका घरात थोरला भाऊ धाकट्याच्या बिछान्याकडे बघतोय, असं प्रकरण त्या आठवड्यावर सहज उभं राहतं.

मुंबई घेतलीत तर चित्रच बदलतं. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये रामन राघवने मारली ती बहुतांशी फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारी माणसं. पुणेकराने दाराला दुसरी कडी लावली, पण मुंबईतल्या त्या माणसांकडे कडी लावायला दारच नव्हतं. भीती सगळ्या शहराला सारखी वाटत नाही. कोणाकडे दार आहे, कोणाला रात्रपाळीला जावंच लागतं, कोणाला गावाकडे निघून जाता येतं, यावर ती वाटली जाते. तुमचे भाऊ या वाटणीत नेमके कुठे उभे आहेत ते पहिल्या वीस पानांत वाचकाला कळू द्या.

साहित्य कुठे मिळेल? पुणे नगर वाचन मंदिर किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत विचारणा करा, त्या काळातल्या वर्तमानपत्रांच्या फायली पाहायला मिळतात का ते बघा. मिळाल्या तर बातमीपेक्षा जाहिराती, सिनेमाच्या वेळा आणि वाचकांची पत्रं जास्त लक्ष देऊन वाचा. न्यायालयांचे निकाल तर जरूर वाचावेत. कोण किती वाजता कुठे होतं, पंचांनी काय पाहिलं, कोणती वस्तू कुठून काढून दिली, हे निकालपत्रात कोरड्या भाषेत ओळीने येतं, आणि त्या कोरडेपणातूनच अंगावर काटा येतो.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळा. जे मारले गेले त्यांचे नातेवाईक आजही आहेत. काळ घ्या, शहराची धास्ती घ्या, पण खून तुमचे स्वतःचे रचा. आडनावातलं एक अक्षर बदलून खरं घर कादंबरीत आणणं मला पटत नाही, आणि त्याने लेखनही सुधारत नाही.

३. खुनांचं कॅलेंडर आखा

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि कादंबरीच्या काळाचे सगळे महिने मांडा. तीन ते पाच घटना पुरे. त्यापेक्षा जास्त झाल्या की वाचक मोजायला लागतो आणि हळहळणं थांबतं.

खरी दहशत दोन घटनांच्या मधल्या दिवसांत वाढते. पुण्याच्या प्रकरणात पहिला बळी एक कॉलेजवयीन मुलगा होता. तो जानेवारी १९७६ मध्ये नाहीसा झाला, पण त्याचा खून झालाय हे शहराला पुढे सव्वा वर्षाने कळलं. म्हणजे शहर भ्यायला लागलं त्याच्या कितीतरी आधी पहिला खून होऊन गेला होता. ही रचना उचलण्यासारखी आहे. मुकुंदचा पहिला गुन्हा कोणाच्याच नजरेत न आलेला असू द्या. वसंतला त्या रात्रीची एखादी विसंगती आठवते, पण खुनांची मालिका सुरू झाल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

प्रत्येक तारखेपुढे चार गोष्टी लिहा : वार, अंधार पडण्याची वेळ, पाऊस किंवा थंडी, आणि त्या दिवशी शहरात आणखी काय होतं. ऑक्टोबरच्या अखेरीला अंधार साडेसहाच्या आत होतो, एप्रिलमध्ये सातच्या पुढे. ‘संध्याकाळी सहा वाजता मिट्ट काळोख होता’ असं एप्रिलच्या प्रसंगात आलं की जाणता वाचक तिथेच थांबतो.

सगळ्या खुनांपैकी जवळून एकच दाखवा, किंवा तोही नको. बाकीचे त्यांच्या परिणामांतून येऊ देत : शेजारणीने मुलांना आजोळी धाडलं, रात्रपाळीचे कामगार घोळक्याने परतू लागले, गल्लीत गस्तीसाठी नावं लिहून घेतली गेली.

४. कोणाला काय, कधी कळलं : वही घाला

मला विचाराल तर सगळ्या कामात ही पायरी सर्वांत मोठी आहे, आणि बहुतेक जण तीच टाळतात.

एका वहीत प्रत्येक प्रकरणासाठी पाच रकाने आखा. वसंतला काय माहीत आहे. मुकुंदला काय माहीत आहे, आणि त्यात ‘वसंतला किती कळलंय असं मुकुंदला वाटतं’ हेही लिहा. पोलिसांना काय माहीत आहे. शहर काय समजून चाललंय. वाचकाला काय माहीत आहे. दोन प्रकरणांमध्ये एकही रकाना बदलला नसेल तर दुसरं प्रकरण काढून टाका, मग ते कितीही सुंदर लिहिलेलं असो.

नमुना म्हणून दुसऱ्या खुनानंतरचं प्रकरण घ्या. वसंतला माहीत आहे : त्या रात्री मुकुंद दीड वाजता आला. मुकुंदला वाटतं : दादा झोपला होता. पोलिसांकडे : एका व्यापाऱ्याला आलेलं धमकीचं हस्तलिखित पत्र. शहर समजतं : बाहेरगावची टोळी आहे. वाचकाला माहीत आहे : मुकुंद वेळेबद्दल खोटं बोलला, पण कशासाठी ते माहीत नाही. पुढच्या प्रकरणात पत्राचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि पहिला रकाना उलटतो, कारण ते अक्षर वसंतच्या ओळखीचं आहे. ‘श’ची गाठ मारण्याची लकब, ‘ल’ची दांडी उगाच लांबवण्याची खोड. ती पाटीवर गिरवून घेताना त्यानेच धाकट्याला लावलेली. कंपोझिटर असल्यामुळे दिवसभर अक्षरांचे आकार न्याहाळणं हाच त्याचा धंदा. त्याच्याइतकी खात्री पुण्यात दुसऱ्या कोणाला वाटणं शक्य नाही.

ओळख पटण्याची खूण अशीच हवी : लहान, घरातली, आणि न्यायालयात एकटी टिकणार नाही इतकी नाजूक. रक्ताळलेला सदरा सापडला की गोष्ट संपते. अक्षर ओळखलं तर माणूस महिनाभर स्वतःशी वाद घालू शकतो. ‘असं बरेच जण लिहितात’ ही पळवाट उघडी राहते, आणि ती पळवाट बंद होत जाणं हाच तुमचा कथाभाग.

अशा खुणा तीन ठरवा. पहिली शंका आणणारी, दुसरी शंका पुसून टाकणारी, तिसरी खात्री देणारी. दुसरी विसरू नका. थोरल्याला एकदा सुटल्यासारखं वाटलंच पाहिजे. एक अख्खं प्रकरण त्याला हलकं वाटू द्या, त्यात तो धाकट्यासाठी नवा शर्ट घेईल, आईशी लग्नाचा विषय काढेल.

५. गप्प बसण्याचा क्षण एका हालचालीत पकडा

‘वसंतने भावाला पाठीशी घालायचं ठरवलं’ असं वाक्य लिहायचा मोह होईल. ते लिहू नका. ठरवणं हे हातून आधी घडतं आणि मनाला नंतर कळतं. नमुन्यादाखल एक तुकडा देतो.

कडी वाजली तेव्हा वसंत जागाच होता. दार उघडलं. मुकुंद आत आला, काही न बोलता मोरीकडे गेला. पाण्याचा आवाज आला, थांबला.
“जेवलास?”
“हो.”
“आई विचारत होती.”
“सांगितलं होतं ना दादा, उशीर होईल म्हणून.”
त्याने काही सांगितलं नव्हतं. तो गोधडीत शिरला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. वसंतने दिवा मालवायला हात वर केला आणि त्याला उंबऱ्याशी काढलेल्या चपला दिसल्या. चामडं भिजून काळं पडलं होतं, टाचेखाली चिखल होता. डिसेंबर होता. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. दारापासून मोरीपर्यंत पावलं उमटली होती. आई साडेचारला उठते. वसंतने कोनाड्यातलं फडकं घेतलं, गुडघ्यावर बसला आणि पावलं पुसून काढली. चपला उचलून मागच्या बाजूला ठेवल्या. फडकं पिळून वाळत घातलं. मग परत आत घेतलं, कारण सकाळी आईने विचारलं असतं.

यात कोणी कोणावर आरोप केलेला नाही. पण फडकं परत आत घेतलं तिथे वसंत साथीदार झाला, आणि ते त्याला अजून ठाऊक नाही. अशा प्रसंगात विशेषणं कमी ठेवा आणि वस्तूंची जागा अचूक ठेवा. मोरी कुठे, कोनाडा कुठे, आई कुठे झोपलीय, याचा कागदावर नकाशाच काढा. घर लहान असेल तर फारच चांगलं, कारण लहान घरात काहीही लपवायला दुसऱ्याची मदत लागते.

६. मौनाची कायदेशीर किंमत समजून घ्या

इथे अनेक कादंबऱ्या ढिल्या पडतात, आणि इथेच भावांच्या गोष्टीला भक्कम आधार मिळतो.

१९७६ मध्ये भारतीय दंड संहिता लागू होती. गुन्हेगाराला आसरा देणं किंवा लपवणं हा कलम २१२ खाली गुन्हा, आणि मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद. या कलमाला अपवाद एकच आहे : नवरा किंवा बायको. भावाला सूट नाही, आईलाही नाही. कलम २०१ पुरावा नाहीसा करण्याबद्दल आहे, म्हणजे वसंतचं फडकं, त्याने ते जाणूनबुजून वापरलं हे सिद्ध झालं तर. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ नुसार खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही, सबळ कारण नसेल तर, ती पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक होतं. नवरा-बायकोमधल्या खाजगी बोलण्याला पुरावा कायद्याने संरक्षण दिलं होतं, भावांमधल्या बोलण्याला नाही. थोडक्यात, कायद्याच्या नजरेत वसंत परका माणूस आहे. हे त्याला एखाद्या वकिलाकडून, दुसऱ्याच कोणाचा म्हणून विचारलेल्या प्रश्नातून कळलं तर चांगलं प्रकरण होईल.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. ‘मुकुंदने चौकीत सगळं कबूल केलं आणि खटला संपला’ असं लिहिणं म्हणजे कायदा गुंडाळून ठेवणं. त्या काळच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ मुळे मात्र आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जायचा. म्हणून आरोपीला पंचांसमक्ष जागेवर नेतात, तो वस्तू काढून देतो आणि पंचनामा होतो. ती वस्तू घराच्या मागच्या बाजूलाच असेल तर? पंच म्हणून शेजारी बोलावले असतील तर? आई दारात उभी असेल तर? कायद्याचं एक कलम नीट समजलं की असे प्रसंग सुचत जातात.

माफीचा साक्षीदार हाही मोठा धागा आहे. जोशी-अभ्यंकर खटल्यात टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना फाशी झाली. मुकुंदच्या टोळीत असा एक ठेवा, आणि तो वसंतला आधी भेटायला येऊ द्या.

कादंबरी आजची असेल तर १ जुलै २०२४ पासूनचे नवे कायदे धरा. खुनाचं कलम ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३, आसरा देण्याचं २१२ आता २४९, पुरावा नष्ट करण्याचं २०१ आता २३८. जुन्या काळातल्या गोष्टीत हे आकडे चुकूनही येऊ देऊ नका, आणि आजच्या गोष्टीतला हवालदार सवयीने ‘तीनशे दोन’ म्हणाला तर त्याला म्हणू द्या.

७. भावांनाच लागू पडणारं शास्त्र वापरा

न्यायवैद्यकाचं सगळं ज्ञान कादंबरीत ओतायचं कारण नाही. दोन सख्खे भाऊ असल्यामुळे जे वेगळं घडतं तेवढं घ्या.

१९७६ मध्ये डीएनए चाचणी नव्हती. गुन्ह्याच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली गेली १९८६ मध्ये, इंग्लंडमध्ये. त्याआधी रक्तगटावर भिस्त होती, आणि सख्ख्या भावांचा रक्तगट एकच असणं अगदी शक्य असतं. म्हणजे मुकुंदच्या डागाने संशय वसंतवरही येऊ शकतो. आजच्या काळात नेहमीची पूर्ण डीएनए चाचणी दोन भावांना वेगळं ओळखते, एकसारखी जुळी असतील तर अडचण येते. पण नमुना मिश्र असेल आणि फक्त वाय गुणसूत्राचीच चाचणी करता आली, तर तो निकाल बापापासून मुलांकडे जसाच्या तसा येतो. दोन्ही भाऊ, काका, चुलतभाऊ सगळे त्यात बसतात. प्रयोगशाळा घराण्यापर्यंत येऊन थांबते आणि पुढचं बोट कोणाकडे दाखवायचं हे घरातल्याच कोणाच्या तरी हातात राहतं. बोटांचे ठसे मात्र एकसारख्या जुळ्यांचेही वेगळे असतात.

मृत्यूच्या वेळेबद्दल एवढं लक्षात ठेवा : आपल्या हवेत शरीर ताठरणं साधारण १ ते २ तासांत सुरू होतं, आणि ती अवस्था उन्हाळ्यात १८ ते ३६, हिवाळ्यात २४ ते ४८ तास टिकते. ‘मृत्यू रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी झाला’ असं डॉक्टर सांगत नाही, तो काही तासांची मर्यादा सांगतो. वसंतची सगळी आशा त्या काही तासांवर टांगलेली ठेवता येते.

८. चुकीचा संशय शहराकडून करवून घ्या

घाबरलेलं शहर वाट बघत नाही, ते कोणाला तरी धरतं. बहुतेकदा बाहेरून आलेला, एकटा राहणारा, वेगळी भाषा बोलणारा माणूस. तुमच्या कादंबरीत असा एक माणूस हवाच, त्याला नाव हवं, कामधंदा हवा, आणि जमावाच्या हातून त्याला होणारी इजा खरी हवी. त्याला नुसता वाचकाची दिशाभूल करायला आणू नका. वसंतच्या मौनाची पहिली किंमत याच माणसाने मोजलेली असते, आणि वसंतने ते डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे.

पोलीसही चुकतात, आणि त्यासाठी ते मूर्ख असावे लागत नाहीत. उत्तर इंग्लंडमध्ये १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ बायकांचे खून करत होता. १९७९ मध्ये खुनी असल्याचं भासवणाऱ्या एकाने पोलिसांना ध्वनिफीत पाठवली. त्यातल्या बोलीवरून तपास भलत्याच भागाकडे वळला, आणि सटक्लिफची बोली तशी नव्हती. तपासकाळात पोलीस त्याच्याशी नऊ वेळा बोलले होते. फितीनंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या. शेवटी तो सापडला तो खोट्या नंबरप्लेटमुळे. न्यूयॉर्कमध्ये १९७७ मध्ये एकामागून एक खून करणाऱ्या डेव्हिड बर्कोवित्झपर्यंत पोलीस पोचले ते गाडी चुकीच्या जागी लावल्याच्या दंडाच्या पावतीवरून. मुंबईत रामन राघवला ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यात ओळखलं, कारण जुन्या नोंदीतला त्याचा फोटो त्यांच्याजवळ होता. तुमचा तपासही अशाच साध्या, चिकाटीच्या कामातून पुढे सरकू द्या. हुशार तपासाधिकाऱ्याच्या एका झटक्यात उलगडा झाला तर भावाच्या निर्णयाला वजन उरत नाही.

सटक्लिफच्या खुनांच्या दिवसांत, १९७७ मध्ये, उत्तर इंग्लंडमधल्याच लीड्समध्ये स्त्रियांनी रात्री मोर्चा काढला. पोलीस त्यांना घरात थांबायला सांगत होते आणि त्यांचा सवाल होता की कोंडून आम्ही का घ्यायचं. भीतीच्या दिवसांत घरातल्या बायकांवर काय बंधनं येतात, कोण ती मोडतं, हे कादंबरीत आलं नाही तर शहराचं अर्धं चित्र हरवतं.

९. घरातला तिसरा माणूस आणि निवेदक

डेव्हिड काझिन्स्कीच्या बायकोला संशय आधी आला, हे विसरू नका. ज्याने भावाला लहानपणापासून पाहिलंय त्याला तो दिसेनासा होतो, नव्याने घरात आलेल्याला तो दिसतो. वसंतचं नुकतंच लग्न झालं असेल तर त्याची बायको ही कादंबरीतली सर्वांत स्वच्छ नजर. ती मुकुंदला ‘भाऊजी’ म्हणते, त्याला वाढते, त्याचे कपडे धुते. ती बोलली तर घर मोडलं असं तिलाच ऐकवलं जाईल. तिला किमान दोन प्रकरणं तिच्या बाजूने द्या.

गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची? मी वसंतच्या जवळ राहून, पण तृतीयपुरुषी सांगेन. त्यामुळे तो स्वतःपासून काय लपवतोय तेही दाखवता येतं. खुन्याच्या डोक्यात शिरून लिहिलेली तिरप्या ठशातली प्रकरणं मी पूर्ण टाळेन. त्यात क्रौर्याला उगाच तेज चढतं आणि मारल्या गेलेल्यांची नावं पुसट होतात. खुनी वेडाच्या भरात असं करतो ही सोपी गाठही मारू नका. रामन राघवच्या बाबतीत तो प्रश्न खराच होता : १९६९ मध्ये फाशी सुनावली गेली, पण मानसोपचारतज्ज्ञांनी तपासल्यावर असाध्य मनोविकार असल्याचं निदान झालं, उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेत बदलली, आणि तो १९९५ मध्ये कैदेत असतानाच वारला. पण हे एका खटल्याचं निदान होतं. मुकुंदला असा आजार द्यायचा असेल तर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी आधी सविस्तर बोला. द्यायचा नसेल तर पैसा, टोळीतली ईर्षा आणि एकदा सुटल्यावर चेपलेली भीड यांतून त्याचा उतार दाखवा.

१०. अटकेनंतरची वर्षं लिहा

अटक झाली की पडदा पाडण्याची सवय मोडा. पुण्याच्या खटल्यात आरोपी १९७७ मध्ये पकडले गेले, सत्र न्यायालयाने फाशी सुनावली सप्टेंबर १९७८ मध्ये, आणि येरवड्यात ती दिली गेली २७ नोव्हेंबर १९८३ ला. मधली पाच-सहा वर्षं आरोपींच्या घरांनी कशी काढली असतील याचा विचार करा. वसंतच्या घरात या काळात मूल जन्मलेलं असेल. छापखान्यात लोक त्याच्याशी कामापुरतं बोलत असतील. आई भेटीला जात असेल आणि वसंत तुरुंगाच्या फाटकाबाहेर थांबत असेल, किंवा उलट. मुकुंदला पकडून देणारा वसंतच असेल तर हे आईला कधी कळतं? माझ्या आराखड्यात ते तिला मुकुंदकडून कळतं, भेटीच्या जाळीतून, आणि तो ते रागाने सांगत नाही. त्याच वेळी माळ्यावरच्या त्या दिवसाबद्दलही तो खरं सांगून टाकतो.

पहिला खर्डा पूर्ण झाला की पंधरा दिवस बाजूला ठेवा. मग तीन फेऱ्यांत वाचा. पहिल्या फेरीत फक्त वही घेऊन बसा आणि कोणाला न कळलेली गोष्ट त्याच्या बोलण्यात आली आहे का ते शोधा. दुसऱ्या फेरीत कॅलेंडर समोर ठेवा : वार, अंधार, हवामान. तिसऱ्या फेरीत दोन्ही भावांचे संवाद मोठ्याने वाचा, आणि जिथे एकाने दुसऱ्याला मनातलं सगळं सांगून टाकलं असेल तिथे ते वाक्य खोडून त्या जागी एखादी वस्तू किंवा हालचाल ठेवता येते का बघा. या फेरीत पानं कमी होतील. होऊ द्या.